चवथीआधी फियाट

13 जुलै, रविवार. फोंडा

पहाटेपासून पाऊस. गॅरेजचा पत्रा इतका वाजत होता की मेस्त (आमचा मिस्त्री) काय म्हणाला ते दोनदा विचारावं लागलं. आमच्या जुन्या फियाटच्या मागच्या लाइटची नवी काच हातात धरून तो म्हणत होता, "बाब, ही तांबडी न्हय, गुलाबी दिसता."

खरंच गुलाबी. कुर्ल्याहून मागवलेली जोडी, प्लास्टिक पातळ, कडा हाताला लागतील इतक्या धारदार. जुनी काच शेजारी ठेवली तर कोकमाच्या आगळासारखी गडद. तिला मधोमध तडा गेलाय, नाहीतर हा उद्योग करावाच लागला नसता.

ही 1969 ची 1100 डिलाइट. बाबांनी 1974 मध्ये ती वापरलेली घेतली. 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगच्या खांबावर, पुढे सलग बाक, आणि नंबर अजून गोवा, दमण, दीवच्या काळातला 'जीडी'चा. कुर्ल्याच्या प्रीमिअरच्या कारखान्यात बांधलेली. पुढे याच गाडीला प्रेसिडेंट म्हणाले, मग पद्मिनी. त्यामुळे सुटे भाग मिळतात तरी. पण मिळतात ते पद्मिनीच्या नावावर, आणि तेही कोणीतरी साच्यात ओतलेले. ते बसतात. शोभत नाहीत.

काचेला आतून लाल रंग मारायचं मी सुचवलं. मेस्त ठाम नाही म्हणाला. अशा पावसात मागच्या ट्रकवाल्याला ब्रेकचा लाइट दिसायला नको का? मग त्यानेच वाट काढली. काच फिकी दिसते ती मागचा पांढरा पत्रा परत चमकतो म्हणून. बल्बभोवतीचं रिफ्लेक्टर तसंच ठेवून बाकीच्या पत्र्याला त्यानं काळपट रंग दिला, कडा बारीक पॉलिश पेपरने गोल केल्या. बल्ब लावला तर उजेड पूर्वीइतकाच, आणि विझवल्यावर काच जवळजवळ जुनी. मला इतका आनंद झाला की जेवायला घरी जायचं विसरलो.

20 जुलै, रविवार

आज आठवडाभर डोक्यात घोळणारं लिहून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून या गाडीसाठी स्पीडोमीटर घेतला होता, "मूळ, न वापरलेला" म्हणून. किंमत तशीच. उघडल्यावर डायलवरचे आकडे छापील कागदावरचे निघाले, वरून वार्निश देऊन पिवळे केलेले. पैशांचं दुःख निवलं. दुःख हे की मी त्या डायलवर हात फिरवून बाबांची आठवण काढली होती.

आणि आता मी स्वतः काय करतोय? नवी वस्तू जुनी दिसावी म्हणून रंग, पॉलिश पेपर, थिनर. हात तेच, कसब तेच. तो विक्रेता आणि मी यांत फरक काय, हे मला ठरवायचं होतं.

फियाटचं माहेर इटलीतलं तुरिन. नावातला शेवटचा 'टी' त्या गावाचाच. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेनं, फिवानं, आपली सनदही त्याच गावाच्या नावानं केली आहे. तिच्यात एक गोष्ट मला फार पटली: बदललेला भाग ओळखता यावा, त्यावर न बुजणारी खूण असावी. लपवायचं नाही, फक्त नजरेला टोचू द्यायचं नाही.

म्हणून आज लाइटच्या पत्र्यामागे, रंगाच्या आत, टोच्यानं '2025' कोरलं. यापुढे प्रत्येक नव्या भागाच्या पाठीवर साल, आणि या वहीत नोंद. उद्या माझा मुलगा किंवा कोणी परका ही गाडी उघडेल, तेव्हा त्याला बाबांच्या हातचं कोणतं आणि माझ्या हातचं कोणतं हे कळायलाच हवं.

27 जुलै, रविवार

क्रोम. यावर मी तासभर बोलू शकेन.

बाजारात मिळणाऱ्या लाइटच्या कड्या पहिल्या पावसाळ्यातच फुगून सुटतात, माझ्या सुटल्या. आपल्याकडची हवा खारी आणि दमट, पण सगळा दोष हवेचा नाही. क्रोमचा थर स्वतः नखभरही नसतो, मायक्रॉनच्या अर्ध्याहून कमी. गंजाला अडवतं ते त्याखालचं निकेल, आणि निकेलला धरून ठेवतं तांबं. स्वस्त कडीत खालचे थर जवळजवळ नसतात, म्हणून ती पहिल्या दिवशी आरशासारखी आणि गोकुळाष्टमीपर्यंत खरूज झालेली.

कड्या बेळगावला प्लेटिंगवाल्याकडे दिल्या होत्या. त्यानं मुलामा उतरवला, तांबं दिलं, घासलं, निकेल, आणि शेवटी क्रोम. चोर्ला घाटातून परत येताना खोका मांडीवर होता. खर्च नव्या कडीच्या तिप्पट. लावल्यावर अडचण वेगळीच: या दोन कड्या बाकीच्या गाडीपेक्षा जास्त तरुण दिसतात. मेस्तनं अगदी बारीक लोखंडी लोकर नुसती फिरवून त्यांची चकाकी किंचित उतरवली, निकेलपर्यंत न पोचता. मला धास्ती होती, पण त्याचा हात हलका.

10 ऑगस्ट, रविवार

पेट्रोलची नळी. पंपावरचं पेट्रोल आता 20 टक्के इथेनॉलचं, आणि ते जुनं रबर फुगवतं, ठिसूळ करतं, गाडीच्या पेट्रोलपंपातला पडदाही. नवी नळी इथेनॉल सोसणारी घ्यावीच लागली. जुन्या नळीवर सुती विणीचं आवरण होतं. जुन्या इस्त्रीच्या वायरचं तसंच सूत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळालं, तेव्हा मी ते नळीवर चढवायच्या बेतात होतो.

मेस्त जवळजवळ ओरडलाच. गळती झाली तर सूत पेट्रोल पिऊन बसणार, बाहेर थेंब दिसणार नाही, आणि शेजारी तापलेला सायलेन्सरचा पाइप. गप्प बसलो. नळी काळी, उघडीच राहिली. तिच्यावरची पांढरी छपाई मात्र थिनरनं पुसायला मीच नकार दिला: दर्जा आणि तारीख त्यातच आहे. छापील बाजू खाली फिरवली, म्हणजे बॉनेट उघडल्यावर दिसत नाही, हवी तेव्हा वाचता येते. सूत विजेच्या तारांवर चढवलं, तिथं ते छान दिसतं.

बोल्टांचंही असंच. नव्या बोल्टाच्या डोक्यावर 8.8 (मजबुतीचा दर्जा) उमटलेलं असतं, आणि 1969 च्या गाडीत ते डोळ्यांत भरतं. नंबरप्लेटच्या आणि बॅटरीच्या पट्टीच्या बोल्टांवरचं मी कानशीनं काढलं. स्टिअरिंग, ब्रेक, इंजिनाच्या माउंटिंगला हात लावला नाही. तिथं त्या आकड्यावर जीव टांगलेला असतो.

(मध्यंतरी कोणी म्हणालं, पन्नास वर्षांवरची आहे, व्हिंटेज गाड्यांचा 'व्हीए' क्रमांक घे. 2021 च्या नियमात ती सोय आहे. मूळ रूप राखलेलं असावं लागतं. पण मग गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला किंवा पेट्रोल भरायला नेता येते, रोजच्या वापराला नाही. मला तिला मंगेशीला आणि बाजारात न्यायचंय. नको.)

24 ऑगस्ट, रविवार

पुढच्या काचेचं रबर. बाजारातलं रबर मीटरवर मिळतं, कोपरे सरळ, सांधा आपण जोडायचा. साबणाचं पाणी लावलं (तेल लावलं असतं तर रबरच सडलं असतं), खाचेत नायलॉनची दोरी घातली. मेस्त बाहेरून काचेवर तळवे टेकून, मी आतून दोरी हळूहळू ओढत. रबराचा ओठ एकेक इंच पत्र्यावर बसत गेला, तो आवाज मला फार आवडतो. रबर जास्तच चकचकीत होतं. दोनदा धुऊन, ओल्या पेपरनं घासून मऊ काळं केलं. सांधा वाइपरखाली ठेवला, दिसत नाही.

26 ऑगस्ट, मंगळवार

चित्रशाळेतून गणपती आणला. गेली कितीतरी वर्षं तो याच गाडीच्या मागच्या बाकावरून येतो. आई मूर्तीला धरून बसली होती. लाइट, कड्या, तारा, कशाबद्दलच एक शब्द बोलली नाही. फक्त इतकं म्हणाली, "दार अजून तसंच वाजतं रे."

दाराला मी हात लावलेला नाही.

घराच्या वळणावर पावसाची सर आली आणि काचेच्या डाव्या कोपऱ्यातून एक थेंब डॅशबोर्डवर पडला. मग दुसरा. विसर्जन झालं की रबर पुन्हा काढायचं. सांधा बहुधा अर्धा सेंटीमीटर आखूड कापला गेलाय.