नळीला लागलेलं रक्त

मे महिन्यात नागपुरात कुणाला ‘चार तास पाणी पिऊ नका’ सांगायचं म्हणजे शिक्षाच. काटोलकडचे ते संत्र्याचे बागायतदार काका मात्र कोरड्या ओठांनी सकाळी नऊलाच हॉस्पिटलच्या डे-केअरला हजर. मूत्राशयाचा कॅन्सर, दुर्बिणीतून गाठ काढलेली, आता आठवड्याला एक असे बीसीजीचे, म्हणजे टीबीच्या लशीचे, सहा डोस. त्या दिवशी तिसरा.

पहिल्या खेपेला त्यांनी विचारलं होतं, “सिस्टर, लेकराइले टोचतेत तेच ना जी हे?” तेच. फक्त डोस कितीतरी मोठा आणि सुईऐवजी नळीतून थेट मूत्राशयात. जंतू जिवंत, पण दुबळे केलेले. ते आतल्या अस्तराला चिकटले की शरीराच्या लढाऊ पेशी तिथे धावून येतात आणि त्या धुमश्चक्रीत उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशीही मारल्या जातात. 1976 साली याचे पहिले चांगले निकाल छापून आले. अजूनही याला तोडीस तोड सापडणं कठीणच.

मी घाईत होते. पावडर सलाईनमध्ये आधीच विरघळवून ठेवली, मग नळी घालायला घेतली. प्रोस्टेट मोठं, नळी अडली. दुसऱ्यांदा गेली, पण पिशवीत लघवी गुलाबी उतरली आणि गॉझवर लाल ठिपका.

काकांचा मुलगा म्हणाला, “एवढ्याशा रक्तानं काय होते? औषध तर घोळलं आहे ना.”

त्याचं चूक नव्हतं. औषध महागडं, दोन तासांत वापरलं नाही तर फेकायचं. पण आत ओरखडा असेल तर हेच जिवंत जंतू रक्तात शिरतात. असा एक पेशंट मी पाहिलाय: तीन चादरी अंगावर आणि पलंग हलेल इतकी थंडी. पुढे महिनोन्महिने टीबीच्या गोळ्या, त्यातही पायराझिनामाइड या जंतूवर चालतच नाही. त्यापुढे डोस पंधरा दिवस लांबणं परवडलं. डॉक्टरांना फोन केला. “आज नाही,” एवढंच म्हणाले.

औषध जंतू मारणाऱ्या हायपोक्लोराइटमध्ये ओतलं. मुलगा तोंड फिरवून बसला. चूक माझीच होती, तसं त्याला सांगितलंही. आता आधी नळी, स्वच्छ लघवी दिसली की मगच कुपी फोडते.

काकांनी मात्र एकच विचारलं, “मंग आता पाणी पिऊ काय जी?”

कोपऱ्यातल्या माठातलं तीन गिलास प्याले.