संख्याशास्त्राची बाई मेंदूत काय करते?

हा प्रश्न मला बावीस वर्षं विचारला जातोय. अलीकडे पुढे आणखी एक असतो: ‘दुसऱ्यांच्या शोधात मोडता का घालता?’ तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

एफएमआरआय म्हणजे मेंदूतल्या रक्तप्रवाहाच्या बदलांवरून त्याचं काम टिपणारा स्कॅन. त्याच्या चित्रातला लाल ठिपका हा विचाराचा फोटो नव्हे. तो गणिताचा निकाल असतो. मेंदूचे लाखभर बारीक ठोकळे करून प्रत्येकावर वेगळी चाचणी लावतात. पाच टक्के चूक चालेल म्हटलं, तर काहीच घडलेलं नसताना पाचेक हजार ठोकळे उजळणार. २००९ साली क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सॅल्मन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांची चित्रं दाखवली. इतक्या चाचण्यांत निव्वळ योगायोगाने उजळणारे ठिपके गाळायची गणिती दुरुस्ती केली नाही, तर त्याच्याही मेंदूत ठिपके उजळत होते. हे मी दर वर्षी वर्गात सांगायचे. आपण असं करत नाही, ही माझी खात्री.

मग २०१६ साली एक्लुंड, निकल्स आणि क्नुटसन यांचा शोधनिबंध आला. स्कॅनरमध्ये नुसत्या पडून राहिलेल्या ४९९ निरोगी माणसांचे त्यांनी उगाच गट पाडले. फरक सापडायलाच नको होता. पण ठिपक्यांचे पुंजके मोजण्याच्या रुळलेल्या पद्धतींपैकी काहींत, कटऑफ, म्हणजे ठिपका धरायची किमान मर्यादा, सैल ठेवला की पाचऐवजी ७० टक्क्यांपर्यंत वेळा तो सापडत होता.

तोच सैल कटऑफ माझ्या एका निबंधात होता. वाचनात अडखळणारी वीस मुलं आणि दुसरी वीस; दोन गटांच्या मेंदूत फरकाचा एक पुंजका दिसला होता. त्या रात्री जुना डेटा काढला, कोण कुठल्या गटातलं याच्या पाट्या पाच हजार वेळा पिसून पाहिल्या. पाट्या अशा उगाच लावल्या तरी तेवढे पुंजके सहज येत होते; आमचा पुंजका टिकला नाही. सकाळी माझ्या डॉक्टर सहकारीला फोन केला. बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, “अगं, मी ते चित्र मुलांच्या आयांना दाखवलंय. तुमचं पोर आळशी नाही, हे बघा, असं सांगितलंय.” मी उलट भांडले: कटऑफ तूही मान्य केलास, परीक्षकांनीही केला. खरं होतं ते. पण गणित माझं होतं. दुरुस्ती छापून आली. तिने माझ्याबरोबर पुन्हा काम केलं नाही.

तेव्हाची मी अजून वाद घालते: मुलं स्कॅनरमध्ये हलतात, तासाचा खर्च केवढा, वीसच मिळाली तर काय करायचं? तिचंही चूक नाही. शिवाय पुंजका गेला म्हणजे फरक नाहीच, असंही नव्हे. इतक्या थोड्या मुलांत खरा फरकही हरवतो. मग चित्र छापायचंच नव्हतं का? कधी हो वाटतं, कधी नाही.

त्यातल्या एका आईने मला गाठून विचारलं, “म्हणजे तो आळशीच आहे का?” मी लगेच ‘नाही’ म्हटलं. ते मी कुठल्याच आकड्यावरून म्हटलं नव्हतं.