गेम प्रोग्रामिंगसाठी गणिताचे विषय निवडताना

विद्यापीठाच्या यादीतून गणिताचे विषय निवडताना मी नावांवर भिस्त ठेवली नाही. ‘लिनिअर अल्जेब्रा’ या एकाच नावाखाली कुठे मॅट्रिक्स आणि बेसिस (निर्देशांक मोजायचे अक्ष) बदलणं शिकवतात, तर कुठे निम्मं सत्र सिद्धतांतच जातं. म्हणून आधी सविस्तर अभ्यासक्रम, जुन्या प्रश्नपत्रिका आणि पूर्वअटी वाचल्या. पूर्वअटी शेवटच्या वर्षापासून मागे लावत आणाव्या लागतात; पहिल्या वर्षी एक विषय सुटला की पुढचा हवा तो मिळत नाही.

लिनिअर अल्जेब्राबद्दल प्रश्नच नव्हता. मॉडेलचे बिंदू जगाच्या आणि तिथून कॅमेऱ्याच्या निर्देशांकांत नेणं म्हणजे बेसिस बदलणंच. मॉडेल एकाच अक्षात ताणलं, तर नॉर्मल (पृष्ठभाग कुठे तोंड करून आहे ते सांगणारे लंब सदिश) त्याच मॅट्रिक्सने गुणून चालत नाही, कारण ते पृष्ठभागाला लंब राहत नाहीत आणि प्रकाश भलतीकडे पडतो. तिथे त्या मॅट्रिक्सच्या इन्व्हर्सचा (व्यस्त मॅट्रिक्सचा) ट्रान्सपोज, म्हणजे ओळी-स्तंभ अदलाबदल केलेलं रूप, लागतो. क्वाटर्निअन (त्रिमितीतली फिरकी चार संख्यांत मांडायची रीत) मात्र बहुतेक अभ्यासक्रमांत नसतात, ते स्वतःच शिकायचे. एक गोष्ट तेवढी ध्यानात ठेवावी: क्यू हा क्वाटर्निअन आणि उणे क्यू एकच फिरकी दाखवतात. स्लर्प (एका फिरकीतून दुसरीत सावकाश नेणं) करण्याआधी सुरुवातीच्या आणि शेवटच्या क्वाटर्निअनचा डॉट प्रॉडक्ट ऋण आला तर एकाचं चिन्ह उलटवायचं, नाहीतर पात्र लांबच्या बाजूने गरकन फिरतं.

सगळ्यात कमी लेखला जाणारा विषय म्हणजे न्यूमरिकल मेथड्स, म्हणजे संगणकावर पायरी-पायरीने अंदाजे उत्तरं काढायच्या पद्धती. माझ्या मते कॅल्क्युलसचा दुसरा भाग सोडावा लागला तरी चालेल, पण हा सोडू नये (पूर्वअट तीच असेल तर इलाज नाही). एक साधी स्प्रिंग घ्या, कोनीय वारंवारता सेकंदाला १० रेडियन, डॅम्पिंग (हालचाल मंदावणारा रोध) नाही, फ्रेम सेकंदाला ६०. साध्या ऑयलर पद्धतीने (स्थान आणि वेग दोन्ही जुन्याच किमतींवरून पुढे नेले) दर पायरीला आयाम (आंदोलनाचा पल्ला) सुमारे १.४ टक्के वाढतो; सेकंदाभरात तो जवळजवळ सव्वादोन पट होतो आणि स्प्रिंग उधळते. आधी वेग बदलून मग त्या नव्या वेगाने स्थान काढलं, एवढा क्रम पाळला, की ती आटोक्यात राहते. हे का होतं ते याच विषयात कळतं.

फ्लोटिंग पॉइंटची, म्हणजे संगणक अपूर्णांक मोजक्याच अंकांत साठवतो त्यातली, चूकही इथेच येते. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये मूळबिंदूपासून १०० किलोमीटरवर, मीटर हे एकक धरलं, तर दोन लगतच्या संख्यांत सुमारे ८ मिलिमीटरचं अंतर असतं. मोठ्या नकाशात हातातली वस्तू थरथरते ती यामुळे.

प्रोबॅबिलिटीचा एक विषय पुरे. १० टक्के शक्यतेची वस्तू दहा प्रयत्नांत मिळेलच असं खेळाडूला वाटतं; प्रत्यक्षात सुमारे ३५ टक्के जण रिकाम्या हाताने जातात. डिझायनरशी बोलताना हा हिशेब तोंडी करता यायला हवा.

रिअल अ‍ॅनालिसिस, टोपॉलॉजी, ग्रुप थिअरी आवडीसाठी खुशाल घ्या, पण नोकरीच्या नावाखाली नको. उरलेली जागा मी ग्राफ थिअरीला दिली असती, पण ए-स्टार आणि डायक्स्ट्रा या जवळची वाट शोधायच्या पद्धती अल्गोरिदमच्या विषयात येतातच. त्यामुळे यांत्रिकी बरी, तीही दृढ पिंडांचं परिवलन आणि जडत्वाचा टेन्सर (वस्तू कोणत्या अक्षाभोवती फिरायला किती विरोध करते ते सांगणारी मॅट्रिक्स) असलेली. नुसत्या कणांवर थांबणारी नव्हे. दोन पर्याय तुल्यबळ वाटले तर ज्याच्या प्रात्यक्षिकात कोड लिहावा लागतो तो घ्यावा.