दोन वर्षांत एकदाही न पाठवलेलं वचन

शनिवार, रात्री पावणेबारा

उद्या महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे चर्चमध्ये प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. पोरं झोपलीत, ह्यांची सकाळची शिफ्ट आहे म्हणून तेही लवकर आडवे झाले, आणि मी किचनच्या ओट्यापाशी शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन बसलेय कारण हॉलमधला लाइट लावला की धाकटी उठते. आजचं आजच लिहून ठेवायचंय, नाहीतर सकाळपर्यंत मी त्याला काहीतरी कारण शोधून मोकळी होईन, स्वतःला ओळखते मी.

यंदा शास्त्र पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, क्रमाने वाचायचं ठरवलंय, मधलं काही न गाळता. आज यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३६ वा अध्याय आला. आधीही वाचलाय पण आज अडकले. यिर्मयाने २३ वर्षं जे सांगितलं ते सगळं तो बोलत गेला आणि त्याच्या लेखनिकाने, बारूखाने, शाईने गुंडाळीवर लिहून काढलं, आणि ती गुंडाळी फिरत फिरत यहोयाकीम राजापुढे आली. नववा महिना, थंडी, राजा हिवाळ्याच्या महालात बसलेला, पुढ्यात शेगडी पेटलेली. यहूदी नावाचा एक माणूस वाचून दाखवतोय. तीनचार रकाने वाचून झाले की राजा लेखकाच्या चाकूने, म्हणजे बोरू तासायच्या चाकूने, तेवढा तुकडा कापतो आणि शेगडीत टाकतो. परत तीनचार रकाने, परत कापलं, परत टाकलं, असं करत करत अख्खी गुंडाळी संपली. जाळू नका म्हणून तिघांनी विनवलं त्याला, पण नाही.

मला काय लागलं सांगू का, त्याने ऐकायला नकार दिलेला नाहीये. तो ऐकत होता. ऐकायचं आणि कापायचं, ऐकायचं आणि कापायचं. आणि पुढेच लिहिलंय की हे सगळं ऐकून ना राजा घाबरला ना त्याच्या माणसांपैकी कोणी, कोणीच आपली वस्त्रं फाडली नाहीत.

वस्त्रं फाडणं म्हणजे तेव्हा दुःखाची, पश्चात्तापाची खूण. ती फाडली नाहीत हे मुद्दाम का लिहिलं असेल म्हणून मी मागे गेले, २ राजे ह्या पुस्तकाचा २२ वा अध्याय काढला. यहोयाकीमाचा बाप योशीया. त्याच्या कारकिर्दीच्या १८ व्या वर्षी मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. सापडला! म्हणजे देवाच्याच घरात देवाचं वचन हरवलेलं होतं आणि कोणाला पत्ता नव्हता. शाफान चिटणिसाने तो राजाला वाचून दाखवला आणि राजाने अंगावरची वस्त्रं फाडली, हुल्दा संदेष्ट्रीकडे माणसं पाठवली की आता आम्ही काय करू विचारा. बापाने वचन ऐकून कपडे फाडले, मुलाने कपडे तसेच ठेवून वचन फाडलं, मध्ये २० वर्षंही गेलेली नाहीत. बरं, जाळू नका म्हणून विनवणाऱ्या तिघांत एक ह्याच शाफानाचा मुलगा. एका घरात ते टिकलं, एका घरात नाही टिकलं.

तोपर्यंत मी हे वाचत होते ते यहोयाकीमाबद्दल म्हणून. मग फोन हातात घेतला, उद्याचं वचन तयार करायला.

आमच्या माहेरच्या ग्रुपवर रोज पहाटे वचन टाकायचं काम माझ्याकडे आहे, दोन वर्षं झाली, एक दिवस चुकवलेला नाही. फुलाचा नाहीतर डोंगराचा फोटो, त्यावर वचन. दादा आहे त्या ग्रुपवर, वहिनी आहे, काका, आत्या, सगळे. आज काय वाटलं काय माहीत, ग्रुपमध्ये वर सर्चमध्ये 'यिर्मया' टाइप केलं. २९:११ नऊ वेळा. माझे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, नऊ वेळा! आणि त्याच्या आधीचं दहावं वचन, की बाबेलात सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमच्याकडे येईन, ते शून्य वेळा. धरून नेलेल्या लोकांना पाठवलेलं पत्र आहे ते, घरं बांधा, बागा लावा, त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा कारण इतक्यात सुटका नाही असं सांगणारं. ज्यांना ते वाचून दाखवलं त्यातले कितीतरी परत यायचे नव्हते. मी सत्तर वर्षं क्रॉप करून फक्त हित पाठवत राहिले, नोकरी लागलेल्यालाही आणि ऑपरेशन असलेल्यालाही.

मग 'मत्तय ५' टाकलं. 'धन्य ते' म्हणणारी वचनं सगळी निघाली, मिठाचं निघालं, दिव्याचं निघालं. २३ आणि २४ नाही. दोन वर्षांत एकदाही नाही.

आता लिहूनच टाकते. आईच्या स्मरणार्थ घरी उपासना ठेवली होती त्या दिवशी दादाने हक्कसोडपत्राचा विषय काढला, वेळ चुकलीच त्याची, आणि मी सगळ्या नातेवाइकांदेखत म्हणाले, "तुला आई कधी दिसलीच नाही, तुला फक्त सातबारा दिसतो." आईचं शेवटचं दीड वर्ष त्याने आणि वहिनीने काढलं होतं. अंघोळ घालण्यापासून सगळं. दादा काही बोलला नाही, चपला घालून गोठ्याकडे गेला. त्याला चार नाताळ झाले, मी गावी गेलेले नाही.

आणि वचन काय म्हणतं, वेदीपाशी दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. भावाच्या मनात. माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे ते विचारलेलंच नाही, जमिनीत कोणाचं बरोबर तेही विचारलेलं नाही. मी चार वर्षं जो हिशोब मांडून बसलेय त्याला त्या वाक्यात जागाच नाही.

येशूची परीक्षा घेताना सैतानानेही ९१ वं स्तोत्र म्हणून दाखवलंच की, देवदूत तुला झेलतील म्हणून, फक्त 'तुझ्या सर्व मार्गांत' एवढं गाळून. आणि प्रभूने उत्तर दिलं, असाही शास्त्रलेख आहे. त्या 'असाही'पाशीच मी कमी पडते.

मागे मंडळीबरोबर केडगावला मुक्ती मिशनमध्ये गेलो होतो ते आठवतंय आता. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र साध्या मराठीत आणलं, अडाणी बाईलाही कळावं म्हणून, आणि १९२२ साली त्या गेल्या तोवर ते काम पुरं केलं. छपाई तिथल्याच छापखान्यात, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बायका-मुली. एकेक अक्षर वेचून ओळ लावायची. ज्या मुलीच्या हाताखाली मत्तयाचा पाचवा अध्याय आला असेल तिला २२ वरून थेट २५ वर उडी मारता आली नसेल, आवडो न आवडो, प्रत्येक वेलांटीला हात लावावाच लागला असेल.

साडेबारा झाले. उद्याच्या फोटोवर २३-२४ टाइप करून बघितलं आणि पुसलं. ग्रुपवर टाकणं म्हणजे परत सगळ्यांदेखत बोलणंच झालं. फोनच करायचा.

रविवार, रात्र

सकाळी साडेसहाला लावला. वहिनीने उचलला. मी म्हटलं सलाम वहिनी, तर तिचा पहिला शब्द, "काय झालं ताई, सगळे बरे आहेत ना?" इतक्या दिवसांत मी फोन केला म्हणजे काहीतरी वाईटच असणार असं वाटावं तिला. दादा डेअरीवर दूध घालायला गेला होता. आठ वाजता त्याचाच आला. मी आधी ठरवलेलं सगळं विसरले, एवढंच म्हणाले, "दादा, त्या दिवशी सातबाऱ्याचं बोलले ते चुकलं माझं. आईचं सगळं तूच केलंस आणि मी सगळ्यांपुढे तसं बोलले." बराच वेळ काही नाही, नुसता गाड्यांचा आवाज. मग म्हणाला, "चर्चला उशीर होईल तुला. रात्री बोलू."

प्रभुभोजन घेतलं नाही मी. भाकरीचं ताट आलं तेव्हा पुढे दिलं. पलीकडच्या बाईंनी बघितलं, बघू दे. जमिनीचं अजून सगळं बोलायचं बाकीच आहे आणि त्यात मला जे वाटतं ते मी सांगणारच, पण ते नंतर.

साडेनऊ झालेत. ह्यांनी दोनदा जेवायला हाक मारली. फोन चार्जिंगला लावून रिंग फुल करून ठेवलीय.