कॅप्स लॉकचा कंट्रोल केला आणि खातंच लॉक झालं

फोर्टमधल्या एका वकिलांच्या ऑफिसातून तक्रार आली: पासवर्ड बरोबर असूनही विंडोज आत घेत नाही, खातं सारखं लॉक होतंय. तेही एकाच टायपिस्ट बाईंचं. दिवसभर प्रतिज्ञापत्रं टाइप करून करंगळी दुखते, म्हणून पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या मोफत प्रोग्रॅममधल्या कीबोर्ड मॅनेजरमधून त्यांनी कॅप्स लॉकच्या बटणाला कंट्रोलचं काम देऊन घेतलं होतं. कल्पना झकास, कॉपी-पेस्ट-सेव्हला हात वाकडा करावा लागत नाही.

"मॅडम, जरा माझ्यासमोर लॉगिन करता?"

त्यांच्याकडे पासवर्डआधी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबावं लागतं. सवयीने बोट कॅप्सवर गेलं. काहीच हललं नाही, मग त्यांनी खरा कंट्रोल दाबला. तोवर कॅप्सचा दिवा लागलेला, त्यामुळे पासवर्डातली लहान अक्षरं मोठी, मोठी लहान. खाली सूचना येते, पण घाईत ती वाचतं कोण?

पॉवरटॉइज चालतं ते लॉगिन झाल्यानंतर. पासवर्डच्या स्क्रीनवर त्याचं काही चालत नाही, ॲडमिन म्हणून चालवलं तरी नाही.

बदल त्याच्याही खालच्या थरात, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात करायला हवा. रजिस्ट्रीचा बॅकअप घेतला आणि एचकेएलएम (HKEY_LOCAL_MACHINE), सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, कीबोर्ड लेआउट अशा एकात एक फोल्डरांतून आत गेलो. शेजारीच 'कीबोर्ड लेआउट्स' आहे. पुष्कळजण तिथेच घुसतात आणि मग काही होत नाही म्हणतात. 'स्कॅनकोड मॅप' नावाची बायनरी व्हॅल्यू करून भरलं: आठ वेळा ००, मग ०३ ०० ०० ००, १डी ०० ३ए ००, ३ए ०० ४६ ००, शेवटी चार वेळा ००. ०३ म्हणजे दोन बदल अधिक शेवटची रिकामी नोंद. प्रत्येक नोंदीत आधी नवं काम, मग बटण, आणि बाइट उलट्या क्रमाने. हे बटणांचे कोड: ३ए म्हणजे कॅप्स, १डी डावा कंट्रोल, ४६ स्क्रोल लॉक. हाताने नको वाटलं तर शार्पकीज हा छोटा प्रोग्रॅम हेच लिहून देतो. दोन्हीला ॲडमिन हक्क आणि रीस्टार्ट लागतो, आणि बदल त्या मशीनवरच्या सगळ्या युजरना लागू होतो.

कॅप्स स्क्रोल लॉकवर मुद्दाम ठेवला, नाहीतर तो चालू राहिला तर बंद करायला बटणच उरत नाही. पॉवरटॉइजमधली जुनी नोंद मात्र काढलीच पाहिजे: ती राहिली तर स्क्रोल लॉकमधून निघालेल्या कॅप्सचाही ती कंट्रोल करून टाकते.