मागच्या टेबलावरचं

रविवार, रात्री

डिमसमला सकाळीच गेलो ते बरं झालं. दक्षिण चीनमधल्या कँटनीज लोकांचा छोट्या, बहुतेक वाफवलेल्या पदार्थांचा हा प्रकारच मुळी सकाळ-दुपारचा, चहाच्या जोडीने खायचा. रात्रीही मिळतो हल्ली, पण सकाळी गिऱ्हाइकांची रीघ असते, त्यामुळे टोपली वाफेवरून उतरली की थेट टेबलावर येते. माझं सगळं लक्ष तेवढ्यावरच असतं.

गर्दी होती. बसायला जागा मिळाली ती स्वयंपाकघराच्या दाराशी. मैत्रिणीने नाक मुरडलं. मी मनातून खूश! भांड्यांचा खणखणाट, वेटरची ये-जा, सगळं चालेल मला. ही जेवणं टेबलावर आल्या क्षणापासून उतरायला लागतात, मग लांबचं खिडकीजवळचं टेबल घेऊन करायचं काय?

हार गाव म्हणजे कोळंबीचं डिमसम. त्याची पारी गव्हाच्या स्टार्चची, आतली गुलाबी कोळंबी दिसेल इतकी पारदर्शक. गार झाली की तीच पारी राठ होते. श्याव लाँग बाव, म्हणजे आत रस्सा असलेलं डिमसम, त्याचं तर विचारूच नका. त्यात रस्सा भरतात कसा, हे कोडं मला फार दिवस होतं. पातळ रस्सा भरतच नाहीत. डुकराच्या कातडीचा अर्क थंड करून थिजवतात, त्याचे तुकडे सारणात मिसळतात आणि वाफेवर ते आतल्या आत वितळतात. बाव हलकेच चमच्यात घ्यायचा, कडेला छोटंसं भोक पाडायचं, रस्सा ओढून घ्यायचा, मग खायचा. आज मैत्रिणीच्या भाचीचे फोटो काढून होईपर्यंत बाव टोपलीतल्या कागदाला चिकटले. उचलताना फाटले, रस्सा कागदावर. मी काही बोलले नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असणार.

चहा संपला की किटलीचं झाकण कलतं ठेवायचं, न सांगता गरम पाणी येतं. हाका मारायला नकोत, ही पद्धत मला फार आवडते.

नंतर तांदळाच्या रुंद नूडल्स मागवल्या, बीफ घालून कोरड्या परतलेल्या. कढई सणसणीत तापलेली असेल तरच त्यांना तो धुरकट, किंचित करपट वास येतो. कँटनीजमध्ये ‘वॉक हेइ’ म्हणतात तो हाच. पहिल्या चार घासांत असतो, मग उरतात नुसत्या तेलकट नूडल्स. म्हणून त्या आल्या की गप्पा बंद. जपानी रामेनच्या दुकानात तर हे सांगावंही लागत नाही. गरम सुपात नूडल्स शिजतच राहतात, त्यामुळे लोक मान खाली घालून सुर्र सुर्र ओढतात आणि उठतात. फो हे व्हिएतनामी नूडल्सचं सूप मला त्याहून चलाख वाटतं. हाडं, भाजलेलं आलं-कांदा, चक्रीफूल, दालचिनी यांचा रस्सा तासन् तास उकळलेला, आणि त्यावर बीफचे कागदासारखे पातळ कच्चे काप, जे वाडग्यात रस्सा ओतल्यावर शिजतात. एवढा सगळा खटाटोप त्या शेवटच्या मिनिटासाठी.

निघताना दादाचा फोन आला, “माझ्यासाठी डिमसम बांधून आण.” साफ नाही म्हटलं. डब्यात वाफ कोंडते, पाणी सुटतं, लगदा होतो. तो रुसला. मग वाटेतल्या इंडोनेशियन हॉटेलातून रेंदांग घेतलं. पश्चिम सुमात्राच्या मिनांगकाबाऊ लोकांचा हा पदार्थ. नारळाच्या दुधात मांस आणि वाटण मंद आचेवर शिजवत राहायचं, दूध आटून तेल सुटेपर्यंत आणि मसाला मांसाला धरेपर्यंत. टिकाऊच असतो तो, पार्सलने त्याचं काही बिघडत नाही.

दादाने अर्धं आत्ताच संपवलं. उरलेलं उद्या जास्त मुरेल असं सांगून मी डबा फ्रिजमध्ये मागे, दह्याच्या भांड्याआड ठेवलाय.