आरटीएल८७२३बीएस सफाई-लॉग : पॅच-मालिकेची दुसरी आवृत्ती

लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) स्टेजिंग विभागातला, म्हणजे अजून पुरता तयार नसलेल्या कोडच्या भागातला, रिअलटेकचा आरटीएल८७२३बीएस वायफाय ड्रायव्हर सध्या हातात आहे; त्याची सफाई करणारे पॅच (कोडमधले छोटे बदल) मालिकेने पाठवतोय. २०१७ साली तो कर्नलमध्ये आला. चालतो, पण कोड कर्नलच्या शिस्तीत बसत नाही म्हणून स्टेजिंगमध्येच आहे. ही एसडीआयओ (एसडी कार्डाच्या धर्तीच्या जोडणीची) चिप इंटेल बे ट्रेल आणि चेरी ट्रेल प्रोसेसरवरच्या स्वस्त टॅब्लेटांत सापडते. तसा एखादा जुना टॅब्लेट घरात पडून असेल तर चाचणीचं हार्डवेअर आयतंच मिळतं. काय काम शिल्लक आहे ते ड्रायव्हरच्याच फोल्डरमधल्या टुडू फाइलीत असतं. काम तिथूनच निवडावं.

पाया. लिनस टोरवाल्ड्स यांची मुख्य ट्री (कर्नलच्या कोडचा साठा) या कामाला घेऊ नका. स्टेजिंगचे मेंटेनर (देखभाल करणारे) ग्रेग क्रोह-हार्टमन यांची स्टेजिंग ट्री गिटने (कोडचा इतिहास ठेवणारं साधन) क्लोन करून स्टेजिंग-टेस्टिंग ब्रँचवर काम करा. स्टेजिंगमध्ये नवे हात भरपूर असतात आणि एकाच ओळीला दोघातिघांनी हात घातलेला असतो. जुन्या पायावरचा पॅच लागत नाही, आणि मेंटेनर तो स्वतः जुळवून घेत बसत नाहीत, परत पाठवतात. म्हणून पाठवायच्या दिवशी पुन्हा फेच (नवं उतरवणं), पुन्हा रिबेस (आपले बदल त्यावर बसवणं). बिल्डसाठी कॉन्फिगमध्ये स्टेजिंग चालू करून ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून निवडायचा आणि मेक या बिल्डच्या कमांडला फक्त तेवढी डिरेक्टरी द्यायची. डब्ल्यू=१ जोडलं की एरवी दडून राहणाऱ्या कंपायलर-सूचनाही दिसतात.

चेकपॅचचं किती ऐकायचं? घोडं पेंड खातं ते इथंच. चेकपॅच ही कोडची शैली तपासणारी स्क्रिप्ट ओळी वाचते, कोड कुठल्या परिस्थितीत चालतो हे तिला कळत नाही. स्ट्रिक्ट पर्याय लावला की ती दहा मायक्रोसेकंद किंवा त्याहून मोठ्या यूडिलेच्या जागी यूस्लीप-रेंज सुचवते. दिसायला एका ओळीचा बदल. पण यूडिले सीपीयूला जागेवर फिरवत ठेवतं, तर यूस्लीप-रेंज त्या थ्रेडला झोपवतं. तीच ओळ स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) धरलेला असताना किंवा टायमरच्या कॉलबॅकमधून चालत असेल, तर झोपणं तिथं वर्ज्य आहे. पॅच बिनबोभाट कंपाइल होतो आणि चालत्या मशीनवर 'शेड्युलिंग व्हाइल अटॉमिक' असा बग उडतो. त्यामुळे आधी ते फंक्शन कोणकोण बोलावतं हे वरपर्यंत तपासायचं, डीबग-अटॉमिक-स्लीप हा कॉन्फिग पर्याय चालू करून खऱ्या चिपवर चालवायचं, आणि हे दोन्ही जमत नसेल तर ती ओळ आहे तशी सोडायची. आमच्या मालिकेतून असले बदल मुद्दाम बाहेर ठेवलेत. न वापरलेले मॅक्रो, मृत फंक्शनं, कॅमलकेस (मधेच मोठी अक्षरं असलेली) नावं एवढंच आत आहे.

फोड. एका पॅचमध्ये एकच गोष्ट. नाव बदलणं आणि स्पेस नीट करणं एकाच ओळीवर असलं तरी ते दोन पॅच. एकाच कमिटमध्ये (गिटमधल्या बदलाच्या नोंदीत) सगळं कालवलं असेल तर रिसेट करून गिट ॲडच्या -पी पर्यायाने तुकडा तुकडा निवडावा. मालिकेतला प्रत्येक पॅच स्वतंत्रपणे कंपाइल झालाच पाहिजे, नाहीतर पुढे कुणी बायसेक्ट करताना (बग कुठल्या कमिटने आला ते शोधताना) मधेच अडकतो. गिट रिबेस इंटरॅक्टिव्हला एक्झेक पर्यायात मेकची कमांड दिली की प्रत्येक कमिटनंतर बिल्ड होतं आणि जिथं तुटलं तिथंच थांबतं. खरा बग सापडला तर तो मालिकेच्या सुरुवातीला किंवा वेगळा पाठवा. त्याला फिक्सेस टॅग लागतो, ज्या कमिटमुळे बग आला त्याच्या आयडीची पहिली १२ अक्षरं देऊन.

कमिट मेसेज. 'फिक्स चेकपॅच वॉर्निंग' हा विषय झाला नाही. काय काढलं आणि का, हे हवं: अमुक फंक्शन कुणीच बोलावत नाही, शेवटचा वापर अमुक कमिटमध्ये गेला, म्हणून काढा. क्रियापद आज्ञार्थी, म्हणजे 'रिमूव्ह', 'रिमूव्ड' नव्हे. विषय ७०-७५ अक्षरांत, मजकुराची ओळ ७५ पर्यंत. सुरुवातीला 'स्टेजिंग: आरटीएल८७२३बीएस:' हा उपसर्ग. कमिट करताना -एस दिलं की साइन्ड-ऑफ-बाय ओळ येते. हा कोड द्यायचा आपल्याला हक्क आहे अशी ती हमी असते. २००४ पासून ही पद्धत आहे, आणि ती ओळ नसलेला पॅच घेतला जात नाही. कारण न लिहिलेला पॅच ग्रेग यांचा पॅच-बॉटच परत करतो. मेहनत मेसेजवर घ्या, रिव्ह्यू करणारा आधी तोच वाचतो.

मेल. ब्राउझरमधल्या जीमेलमध्ये पॅच चिकटवू नका. टॅबच्या जागी स्पेस येतात, लांब ओळी तुटतात आणि पॅच लागत नाही. गिट सेंड-ईमेलच वापरा. जीमेलचं खातं असेल तर टू-स्टेप चालू करून ॲप पासवर्ड काढावा लागतो. आधी सगळी मालिका स्वतःलाच पाठवा, आलेली मेल मूळ रूपात उतरवून घ्या आणि स्वच्छ ब्रँचवर गिट एएमने (मेलमधला पॅच लावणारी कमांड) लावून पाहा. तिथं लागली तर दुसऱ्याकडेही लागेल. कुणाला पाठवायचं ते गेट-मेंटेनर स्क्रिप्ट सांगते. एचटीएमएल मेल मेलिंग यादीवर पोचतच नाही.

आत्ताची स्थिती. पहिल्या आवृत्तीवर रिव्ह्यू आला, त्याप्रमाणे एका नावबदलाचे दोन पॅच केले. गिट फॉरमॅट-पॅचला (कमिटांच्या मेल-फाइली बनवणारी कमांड) -व्ही२ दिलं की विषयात आवृत्ती येते. काय बदललं ते तीन डॅशच्या रेघेखाली लिहायचं, कारण तिथला मजकूर गिटच्या इतिहासात जात नाही. ज्या पॅचला हात लावला नाही त्यांचे रिव्ह्यूड-बाय टॅग आपणच पुढे न्यायचे. रिव्ह्यूला उत्तर देताना मूळ मजकुराच्या खाली, मुद्द्यागणिक लिहावं, आणि एखादी सूचना पटली नाही तर कारणासह तसं सांगावं. गप्प राहून तीच चूक नव्या आवृत्तीत पाठवली तर पुढचा रिव्ह्यू मिळणं अवघड.

मर्ज विंडो (नवे बदल मुख्य ट्रीत घेण्याचा काळ) सुरू असते त्या दोन आठवड्यांत स्टेजिंगमध्ये नवं काही घेतलं जात नाही, म्हणून दुसरी आवृत्ती आरसी१ (विंडो संपल्यावरची पहिली चाचणी-आवृत्ती) नंतर जाईल. त्यानंतर निदान आठवडाभर कुणाला आठवण करायची नाही. तोवर लांब फंक्शनांची फोड सुरू करतोय. ज्यांच्याकडे ही चिप आहे त्यांनी दुसरी आवृत्ती लावून वायफाय जोडणं, तोडणं आणि सस्पेंडमधून परत येणं एवढं तपासावं आणि नीट चाललं तर टेस्टेड-बाय टॅग यादीवरच द्यावा.